निवडक मालाचं दुकान

किराणा दुकान आपल्याला नवं नाही. यादी द्यायची, पिशवी भरून आणायची. पण काही दुकानं यादीवर चालत नाहीत. फ्रान्समधल्या शहरांत गल्लीबोळात अशी छोटी दुकानं असतात, त्यांना ‘एपिसरी फीन’ म्हणतात. ‘एपिस’ म्हणजे मसाला. त्यावरून एपिसरी म्हणजे किराणा आणि फीन म्हणजे उंची, निवडक. तेल, मध, मुरंबे, डाळी असा मोजकाच माल असतो, पण कोणती वस्तू कुठल्या गावची हे दुकानदाराला तोंडपाठ. तिथल्या ल प्युई गावाच्या परिसरातली हिरवी मसूर घ्या. मसूरच ती, पण १९९६ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. दुसरीकडची मसूर त्या नावानं विकता येत नाही.

असं दुकान बघायला विमानात बसायची गरज नाही, बाई. सोलापूरला कामानिमित्त गेलो की आम्ही पेठेतल्या एका दुकानात डोकावतोच. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. कडक भाकरीच्या थप्प्या, शेंगाचटणी, कारळ्याची नि जवसाची चटणी, शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ. यातली एकही वस्तू करमाळ्याच्या बाईला शिकवायला नको. पण पुण्या-मुंबईला परतणारी माणसं तीच पाव-पाव किलो बांधून नेतात. दुकानदार आधी चिमूटभर चटणी तळहातावर ठेवतो, मग भाव सांगतो. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चवीला कारण आहे. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ हे सगळं उखळात कुटलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी हाताला ओलसर लागते, मुठीत धरली की गोळा होतो. घाईनं मिक्सर फिरवला की नुसता भुगा. मात्र तेल सुटलेली चटणी जपावी लागते. दाणे कच्चे राहिले किंवा डब्याला हवा लागली तर खवट वास येतो, आणि एकदा तसा डबा गेला की ते गिऱ्हाईक परत फिरकत नाही. भाकरीचं उलट आहे, तिला ओल नको. पातळ थापून, भाजून, मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत ठेवायची. मधे जरा मऊ राहिली की बुरशी आलीच. ज्वारीचं पीठ त्यातल्या त्यात टिकतं, बाजरीचं लवकर कडू होतं.

आता नावाचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ल प्युईच्या मसुरीसारखंच आहे हे. आपल्या रानातही मालदांडी पिकते, म्हणून पुडीवर ‘मंगळवेढा ज्वारी’ छापावं असं काही गटांना वाटतं. छापू नका. ते नाव त्या भागात पिकलेल्या ज्वारीसाठी आहे. ‘करमाळा तालुक्यातली रब्बी मालदांडी’ असं सरळ लिहा. ते खरंही आहे, आणि विचारणाऱ्याला रान दाखवता येतं.

भावाचं बोलणं मात्र अवघड जातं. व्यापारी दारात आला की आपण दाण्याचा, तिखटाचा, लसणाचा खर्च मोजतो आणि वर थोडं लावतो. कुटायला गेलेली दुपार कुणी मोजत नाही. गॅस, पिशवी, सोलापूरची एसटी हेही राहून जातं. त्या दुकानात गिऱ्हाईक जादा पैसे देतं ते त्या दुपारचे. मग ते कुटणारीच्या हातात का येऊ नयेत? गटाच्या वहीत मजुरीचा वेगळा रकाना पाडा, मग भाव बोला.

दुकानदाराकडे जाताना पोतं नेऊ नका, चार पुड्या न्या. पुडीवर घटक, वजन, बनवल्याची तारीख, किंमत, गटाचा पत्ता आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी नंबर हवा. किती दिवस टिकेल हे अंदाजानं लिहू नका. प्रत्येक घाण्यातल्या तीन पुड्या बाजूला काढा. एक पंधरा दिवसांनी फोडा, दुसरी महिन्यानं, तिसरी दीड महिन्यानं. वास घ्या, चाखा, वहीत लिहा. आमच्या फडताळात सध्या अशा तीन पुड्या आहेत, वर तारीख घातलेली, आणि घरातल्या पोरांना त्यांना हात लावायची बंदी आहे.