'बनगरवाडी'तील अवर्षण : वास्तव आणि प्रतीक

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीतील निसर्गाचा विचार करताना 'नियतीचे प्रतीक' या संज्ञेचा आश्रय सहजपणे घेतला जातो. हा अन्वयार्थ सर्वस्वी चुकीचा नव्हे. घाईचा मात्र आहे. येथे प्रतीकापर्यंत जाणारी वाट वस्तुस्थितीतूनच जाते. ती वगळली, तर वाडीतील माणसांचे दुःखच हातून निसटते.

माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश. पाऊस बेभरवशाचा, म्हणून मेंढरांवर भिस्त. शेकूचा प्रसंग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. त्याच्या औताला एका बाजूस बैल आणि दुसऱ्या बाजूस त्याची बायको. दारिद्र्याचे किंवा स्त्रीच्या दास्याचे प्रतीक म्हणून या दृश्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु जमिनीचा वापसा माणसाच्या सोयीसाठी थांबत नसतो, हे ध्यानी घेतल्याखेरीज त्या कृतीमागील निकड उमगत नाही. निवेदनाची भाषा तेथेही चढत नाही. त्या संयमामुळेच साध्या घटनेला प्रतिमेचे बळ येते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'मध्ये निसर्ग गूढ शक्ती म्हणून वावरतो, तसा तो येथे वावरत नाही.

निवेदक मास्तर बाहेरून आलेला, औंध संस्थानचा पगारदार आहे. पावसाशी त्याच्या भाकरीचा थेट संबंध नाही. त्याच्या पुढाकाराने गावकरी अंगमेहनतीने तालीम उभारतात आणि तिच्या उद्घाटनास औंधचे राजे येतात. सामूहिक इच्छाशक्तीचा हा उच्चबिंदू होय. त्यानंतर येणारे अवर्षण या इच्छाशक्तीचा पराभव करीत नाही. ते तिला अप्रस्तुत ठरविते. तालमीला माणसे लागतात आणि माणसांना चारापाणी असलेला मुलूख. नियतीची कल्पना येथे अपुरी पडते ती याच कारणाने.

मेंढरे मरू लागतात, वाडी रिकामी होते. गाव सोडून जाण्याला माणदेशी बोलीत 'जगायला जाणे' म्हणतात. कादंबरीच्या अखेरीचा सारा आशय या बोलीतील शब्दप्रयोगात सामावला आहे: गाव ओस पडते ते माणसांनी जगावे म्हणून. शाळेला मुले उरत नाहीत, तेव्हा कोठे अवर्षण पगारदार मास्तरापर्यंत पोहोचते, आणि तोही वाट धरतो.