काकडी वाकडी का झाली?

आज मधमाशीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात आमच्या वाकड्या काकड्यांपासून करतो.

गेल्या वर्षी आमच्या गटाने कर्ज काढून वीस गुंठ्यांत काकडी आणि लाल भोपळा लावला. वेल जोमात, फुलं भरपूर. पण भोपळ्याची बोराएवढी फळं पिवळी पडून गळायची. काकडी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. व्यापारी अर्धा माल बाजूला काढायचा. आम्हाला वाटलं, खत कमी पडलं. खत दिलं. मग वाटलं, रोग आहे. औषध मारलं, तेही सकाळी आठला, ऊन चढायच्या आत.

उत्तर मिळालं भलत्याच ठिकाणी. शहरातल्या एका संग्रहालयात सहकुटुंब दिवस होता, म्हणून मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे काचेच्या पेटीत सातेरी माश्यांची वसाहत ठेवली होती. पोरं काचेला नाक लावून उभी. एक माशी पोळ्यावर शेपूट हलवत सरळ धावायची, वळून परत तेच करायची. माहिती सांगणाऱ्या ताई म्हणाल्या, फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब आहेत हे ती नाचून सांगते. हे कोडं उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आमच्यातल्या एका आजींनी त्यांना काकडीचं विचारलं. ताईंनी उलट विचारलं, "तुमच्या वेलांवर सकाळी माश्या किती दिसतात?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कुणी कधी बघितलंच नव्हतं!

मग त्यांनी समजावलं ते असं. भोपळा, काकडी, कलिंगड, कारलं यांच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ असतं, त्यावरून ते ओळखायचं. नर फुलातले पराग मादी फुलात पोचले तरच ते फळ धरतं. भोपळ्याचे पराग जड, चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. ते माशीच्या अंगावरच्या केसांना चिकटूनच जातात. फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. म्हणजे वेळ एका सकाळचाच. पराग कमी पोचले तर सगळं बी धरत नाही, आणि ज्या बाजूला बी नाही ती बाजू नीट भरत नाही. शेडनेटमधल्या काही काकड्या परागाशिवायही फळतात, ती गोष्ट निराळी. आमची उघड्या रानातली होती.

आणि आम्ही औषध कधी मारलं? नेमकं फुलं उघडी असताना, माश्या कामावर असताना. पैसे देऊन आमच्याच मजूर हाकलल्या म्हणायच्या! परतीच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता आम्ही फवारणी गरज असली तरच करतो, आणि ती सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तिथे वेळ बघूनच ठरवावी लागते. बांधावर मोहरी आणि कोथिंबीर फुलायला सोडली आहे. पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवतो, म्हणजे माशी बुडत नाही. माश्या कमीच असतील तर सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. भोपळ्याला हे सहज जमतं.

मोहोळाचंही सांगायला हवं. रात्री पलिता लावून मोहोळ जाळायचं आणि पोळं पिळून मध काढायचा, हे आपल्याकडे अजून चालतं. त्यात अंडी-पिल्लं सगळी मरतात. आग्या माशी पेटीत राहत नाही, तिच्या नादी लागू नये. सातेरी राहते. पेटीतली चौकट यंत्रात फिरवून मध काढला की पोळं शाबूत राहतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे घरोघरी हेच काम चालतं. पेटी घेण्याआधी प्रशिक्षण मात्र घ्या. आम्हीही अजून घेतलेलं नाही, म्हणून पेटीही आणलेली नाही.

यंदा भोपळा फुलला तेव्हा सकाळी सातला आम्ही दोघी-तिघी वाफ्याशी बसलो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चार माश्या दिसल्या. पंधरा दिवसांनी मोजता मोजता आकडा चुकला.