घरी राहा म्हणणे सोपे. पण चूल कशी पेटायची?

२०२० च्या मे महिन्यातील एक सकाळ. माझ्या दवाखान्यासमोरच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी दारातच थबकून म्हणाल्या, "बाई, गोळ्या द्या, पण कागदावर ताप लिहू नका." अंगात १०१ ताप होता, घसा लाल होता, कोरडा खोकला होता. मी नियमाप्रमाणे तपासणीची चिठ्ठी लिहिली, चौदा दिवस घरी राहण्यास बजावले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. चौथ्या दिवशी मावशी पुन्हा कोपऱ्यावर बसलेल्या दिसल्या. तपासणीला त्या गेल्याच नव्हत्या. मी संतापले. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "माल उधारीचा होता, बाई. मी झोपून राहिले म्हणून व्यापारी थांबतो का?"

वाचकहो, त्या दिवशी मला उमगले की माझी चिठ्ठी अर्धीच होती. विलगीकरण हाही एक उपचार आहे. औषधासारखी त्यालाही मुदत असते आणि किंमतही असते. ज्याचा पगार चालू राहतो, त्याला चौदा दिवसांची विश्रांती मिळते. रोज कमावून रोज खाणाऱ्याच्या डोक्यावर चौदा दिवसांचे कर्ज चढते. साथीच्या काळात शहराने लहान व्यावसायिकांना आणि रहिवाशांना दिलेल्या मदतीकडे म्हणूनच मी दानधर्म म्हणून पाहत नाही. रोगनियंत्रणाचा तो एक आवश्यक भाग आहे.

आजार का लपवला जातो?

आपल्याकडे याचा धडा जुना आहे. प्लेगच्या साथीत, १८९७ मध्ये, साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. त्या वर्षी पुण्यात घराघरांची झडती घेण्यात आली, माणसे छावण्यांत हलवण्यात आली, सामानसुमान जाळले गेले. परिणाम उलटा झाला: लोक रुग्णच लपवू लागले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच अधिनियम पुन्हा लागू केला. कायदा सव्वाशे वर्षांपूर्वीचा होता आणि माणसाचा स्वभावही तोच होता. आजार उघड केल्यास घर बुडेल असे वाटले, तर माणूस आजार झाकतो. मावशींनी तेच केले होते.

धारावीत काय वेगळे घडले?

याच मुंबईत, १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत आठ लाखांहून अधिक माणसे राहतात. बहुतेकांसाठी शौचालय सार्वजनिक आणि घर म्हणजे एकच खोली. अशा ठिकाणी 'घरी वेगळे राहा' हा सल्ला निरर्थक होता. महापालिकेने शाळा, मंगल कार्यालये आणि क्रीडासंकुल ताब्यात घेऊन विलगीकरणाची सोय केली. तेथे राहणे विनामूल्य होते, जेवण मिळत होते, डॉक्टर येत होते. वस्तीतील खाजगी डॉक्टरांना संरक्षक पोशाख पुरवून घरोघरच्या तपासणीत सामील करून घेण्यात आले. ओळखीचा डॉक्टर दारी आला की दार लवकर उघडते, हे माझ्यासारख्या वस्तीतल्या डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही.

मे महिन्यात धारावीत १,२१६ नवे रुग्ण नोंदले गेले. जूनमध्ये ती संख्या बरीच खाली आली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीही धारावीचा उल्लेख केला. याचे सारे श्रेय एका उपायाला देता येणार नाही. अनेक मजूर तोपर्यंत गावी परतले होते, आणि मुंबईतील इतर तीन विभागांत जुलैमध्ये झालेल्या रक्ततपासणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, म्हणजे संसर्ग आधीच खूप पसरला होता. तरीही एक गोष्ट मी खात्रीने सांगेन: जेथे जेवणाची सोय होते, तेथे माणूस तपासणीला बिचकत नाही.

ताट, रोख आणि कर्ज

मदत तीन रूपांत आली. पहिले रूप ताटाचे. राज्य शासनाची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झाली होती. टाळेबंदी लागताच ती पाच रुपयांना आणि एप्रिल २०२१ मध्ये विनामूल्य देण्यात आली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. आजारातून उठणाऱ्या शरीराला शक्तिवर्धक बाटलीपेक्षा असे ताट अधिक उपयोगी असते.

दुसरे रूप रोख रकमेचे. एप्रिल २०२१ मध्ये कडक निर्बंध लागू करताना राज्य शासनाने नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर, घरेलू कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचे जाहीर केले. रक्कम तुटपुंजी होती; पण निर्बंध आणि मदत एकाच वेळी जाहीर झाली, हे महत्त्वाचे.

तिसरे रूप कर्जाचे. १ जून २०२० रोजी केंद्राची पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. पथविक्रेत्यांना दहा हजार रुपयांपर्यंत विनातारण खेळते भांडवल, एक वर्षाची परतफेड आणि वेळेवर हप्ते भरल्यास व्याजात सात टक्के सवलत असे तिचे स्वरूप होते. पैसा केंद्राचा असला, तरी अर्जदार खरोखर पथविक्रेता आहे हे ठरवण्याचे काम महापालिकेकडे होते. नेमके येथेच बहुतेकांचे घोडे अडले.

नोंद नाही, तर मदत नाही

'नोंदणीकृत' हा शब्द वाचताना छोटा वाटतो. पथविक्रेत्यांसाठीचा २०१४ चा कायदा सांगतो की त्यांचे सर्वेक्षण करून त्यांना प्रमाणपत्र द्यावे. मुंबईत त्या वर्षी झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीनंतर पात्र ठरले सुमारे १५ हजार. उरलेले विक्रेते रस्त्यावर होतेच, आपण त्यांच्याकडून भाजी घेतच होतो; यादीत मात्र ते नव्हते. साथ आली तेव्हा विषाणूने यादी पाहिली नाही, मदतीने पाहिली. ज्या यादीवर साथीच्या दिवसांत घरे तगतात, ती निरोगी दिवसांतच तयार व्हावी लागते.

आपण काय करू शकतो?

लसीकरणाची नोंद आपण जशी जपतो, तशीच ही कागदपत्रे जपावीत. घरी डबे, शिवणकाम किंवा पापडांचा लहानसा व्यवसाय असेल, तर उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंची ई-श्रम पोर्टलवर आणि घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे नोंद आहे का, हे विचारावे आणि नसल्यास अर्ज भरण्यास अर्धा तास द्यावा. शिधापत्रिकेवर घरातील सर्वांची नावे आहेत का, तेही पाहावे. २०२० मध्ये दरमहा माणशी पाच किलो मोफत धान्य त्याच नावांवर मिळाले.

आणखी एक विनंती. ताईंना ताप आला, तर "चार दिवस येऊ नका" एवढेच म्हणू नका. "पगार कापणार नाही" हेही त्याच वाक्यात सांगा. हे दुसरे आश्वासन मिळाले, तरच पहिला सल्ला पाळला जातो आणि तुमचे घरही सुरक्षित राहते.

मावशी त्या आजारातून बऱ्या झाल्या, हे आमचे सुदैव. त्यांच्याकडे विक्रेत्याचे प्रमाणपत्र नव्हते. त्या हिवाळ्यात दवाखाना बंद केल्यावर आम्ही दोघींनी बसून महापालिकेच्या शिफारसपत्राचा अर्ज भरला. दोन खेपा फुकट गेल्या, तिसऱ्या खेपेस पत्र मिळाले आणि मग दहा हजारांचे कर्जही. आजही तापाचा रुग्ण समोर बसला की मी नाडी पाहते, घसा पाहते आणि मग विचारते, "चार दिवस घरी बसलात, तर भागेल का?" उत्तर 'नाही' असेल, तर औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी आम्ही दोघे मिळून त्यावर काय करता येईल ते बोलतो.