सायलेन्सर विकून जगात नाव कमावलेल्या अबार्थचं शेवटी फियाटच्या गाडीवरचं स्टिकर कसं झालं?

बुलेटला वेगळा सायलेन्सर लावून गल्लीतनं फट् फट् करत जाणारा एक तरी गडी तुमच्या ओळखीत असणारच. कधीतरी पोलीस असे सगळे सायलेन्सर गोळा करतात, रस्त्यावर रांगेत मांडतात आणि त्यावरनं रोडरोलर फिरवतात. त्याचे व्हिडीओ आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

पण हाच सायलेन्सर विकून इटलीत एका माणसानं अख्खी कंपनी उभी केली होती. साध्या फियाट गाड्यांचं इंजिन ट्यून करून त्यानं त्या रेसमध्ये पळवल्या, मोठमोठ्या गाड्यांना घाम फोडला. कंपनीचं नाव होतं अबार्थ. तिचा लोगो विंचू, कारण मालकाची रास वृश्चिक.

मग एवढी चाललेली कंपनी विकायची वेळ का आली? तर विषय पहिल्यापासून बघू.

कार्ल अबार्थचा जन्म १९०८ मध्ये व्हिएन्नात झाला. गडी मोटरसायकल रेसर होता. १९३४ मध्ये त्यानं साइडकारवर बसून चक्क ओरिएंट एक्स्प्रेस या रेल्वेशी शर्यत लावली होती. पुढं मोठा अपघात झाला आणि रेसिंग सुटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इटलीत आला आणि सिसितालिया नावाच्या रेसिंग कंपनीत काम करू लागला. ती कंपनी डबघाईला आल्यावर तिथल्या काही गाड्या आणि सुटे भाग घेऊन त्यानं ३१ मार्च १९४९ ला स्वतःचा धंदा सुरू केला. तोपर्यंत त्यानं कार्लचं कार्लो करून घेतलं होतं.

पुढच्याच वर्षी रेसिंगचा दिग्गज ताझियो नुव्होलारी आपली शेवटची रेस अबार्थच्या गाडीतनं पळाला. नाव तर झालं, पण नुसत्या नावावर पगार होत नाहीत. रोजचा पैसा आला तो सायलेन्सरमधनं.

गाडीचा धूर जितक्या मोकळेपणानं बाहेर पडतो, तितका इंजिनला श्वास घ्यायला सोपं जातं आणि थोडी जास्त ताकद मिळते. अबार्थच्या सायलेन्सरनं हे काम केलंच, शिवाय आवाजही जबरदस्त दिला. काळा रंग, चकचकीत नळ्या आणि वर विंचू. ज्याला रेसिंग कार परवडत नव्हती, त्याला निदान तिचा आवाज तरी परवडत होता. १९६२ मध्ये कंपनीत ३७५ कामगार होते आणि त्या एका वर्षात अडीच लाखांहून जास्त सायलेन्सर बनले. त्यातले निम्म्याहून जास्त परदेशात गेले.

दुसरा हिट माल होता पेटी. लाकडी पेटीत इंजिनचे सुटे भाग भरलेले असायचे. पेटी घ्यायची, मेकॅनिककडे जायचं आणि आपली साधी फियाट अबार्थ करून घ्यायची.

याचं सोपं उदाहरण म्हणजे फियाट ५००. जेमतेम ५०० सीसीची, १८ हॉर्सपॉवरची ही गाडी ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास दमायची. अबार्थनं सिलिंडर मोठे केले, पिस्टन आणि कार्बोरेटर बदलले, सायलेन्सर तर होताच. १९६३ मध्ये आलेल्या या अबार्थ ५९५ ची ताकद गेली २७ हॉर्सपॉवरवर आणि वेग १२० वर. आज ऐकायला किरकोळ वाटतं, पण ताकद थेट दीडपट झाली होती.

आता इथंच धंद्याची मेख आहे.

ट्यूनरचा धंदा चालतो तो मोठ्या कंपनीनं सोडलेल्या जागेत. फियाटला लाखो लोकांसाठी स्वस्त, टिकाऊ आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी बनवायची होती, त्यामुळं इंजिनमध्ये ताकद काढायला बरीच जागा शिल्लक राहायची. तीच जागा अबार्थ भरायचा. फियाटचाही यात फायदाच होता. फियाटच्या बॉडीची गाडी रेस जिंकली की जाहिरात फुकटात व्हायची. म्हणून अबार्थ जिंकला की फियाट त्याला बक्षीस म्हणून पैसे द्यायची.

पण याचा दुसरा अर्थ असा, की गाडी फियाटची, बक्षीस फियाटचं आणि गिऱ्हाईकही फियाटचंच. अबार्थनं फ्रान्सच्या सिम्का कंपनीसोबतही गाड्या बनवून पाहिल्या. पण १९६३ मध्ये सिम्काचा ताबा अमेरिकेच्या क्रायस्लरकडं गेला आणि ती भागीदारी फार टिकली नाही. म्हणजे अबार्थची पुन्हा सगळी भिस्त फियाटवरच आली.

कार्लोला मात्र रेसिंगचं वेड सुटत नव्हतं. १९६५ मध्ये वयाच्या पन्नाशीनंतर त्याला स्वतः एक विक्रम करायचा होता, पण तो रेसिंग कारच्या सीटमध्ये मावेना. मग गड्यानं सफरचंदं खाऊन ३० किलो वजन उतरवलं आणि मोंझाच्या ट्रॅकवर विक्रम केला.

भारी किस्सा आहे, पण कंपनीचा पैसाही असाच रेसिंगच्या पायी उतरत होता. छोट्या गाड्या ट्यून करण्यात अबार्थचा हात कुणी धरत नव्हतं, पण कार्लोला आता मोठ्या रेसिंग कार बनवायच्या होत्या. त्यासाठी १२ सिलिंडरचं ६ लिटरचं इंजिन बनवलं. तेवढ्यात रेसिंगचे नियम बदलले आणि १९६८ पासून अशा गाड्यांना ३ लिटरची मर्यादा आली. ते इंजिन रेसमध्ये कधी उतरलंच नाही.

मोठी कंपनी असा फटका पचवते. सायलेन्सर आणि पेट्या विकून रेसिंग करणाऱ्याला तो पचत नाही.

त्यात फियाट बदलत होती. १९६९ मध्ये तिनं लॅन्सिया घेतली आणि फेरारीत अर्धी भागीदारी घेतली. स्वतःच्या स्पोर्टी गाड्याही ती शोरूममधनंच विकू लागली. जी जागा अबार्थ भरत होता, तीच आता फियाट स्वतः भरत होती.

शेवटी ३१ जुलै १९७१ ला कार्लोनं कंपनी फियाटला विकली. रेसिंगची टीम आणि सामान एन्झो ओसेला यांच्याकडं गेलं. १९७९ मध्ये कार्लोचं निधन झालं.

गंमत म्हणजे विक्रीनंतर अबार्थच्या माणसांनी सगळ्यात मोठं यश मिळवलं. फियाट १३१ अबार्थनं १९७७, १९७८ आणि १९८० असं तीनदा जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलं. पण आता जिंकणारी टीम फियाटची होती. १९८१ मध्ये अबार्थ ही स्वतंत्र कंपनीच बंद झाली आणि फियाटच्या रेसिंग खात्यात विरघळली. मागं उरलं ते नाव, जे कधी खरोखर दमदार गाडीवर लागलं, तर कधी नुसतं शोभेसाठी.

या गोष्टीचं एक टोक आपल्या पुण्याजवळ येतं. २००७ मध्ये फियाटनं अबार्थ ब्रँड पुन्हा सुरू केला आणि २०१५ मध्ये अबार्थ पुंटो भारतात आणली. गाडी रांजणगावच्या कारखान्यात बनायची. ताकद १४५ हॉर्सपॉवर, किंमत ९ लाख ९५ हजार. त्या पैशात एवढी ताकद दुसरी गाडी क्वचितच देत होती आणि शौकीन आजही तिचं नाव काढतात. पण फियाटच भारतात मागं पडत गेली आणि २०१९ पर्यंत तिच्या गाड्या इथं बंद झाल्या. फियाट गेली तशी अबार्थही गेली. १९६० च्या दशकात जे दुखणं होतं, तेच इथंही नडलं.

आता तर विषय आणखी पुढं गेलाय. इंजिनचं काम कॉम्प्युटर ठरवतो, प्रदूषणाचे नियम कडक झालेत आणि कंपन्या टर्बो लावून जमेल तेवढी ताकद आधीच काढून घेतात. मग ट्यूनरला जागा उरते ती किती?

आणि इलेक्ट्रिक गाडीत तर सायलेन्सरच नाही. २०२२ मध्ये अबार्थनं आपली पहिली इलेक्ट्रिक कार दाखवली, ५००ई. तिला आवाज नाही म्हणून गाडीच्या बाहेर स्पीकर बसवला आणि त्यातनं जुन्या पेट्रोल अबार्थचा आवाज काढला. तो जुळवायला ६ हजार तासांहून जास्त काम केल्याचं कंपनी सांगते.

कार्लोच्या काळात लोक अबार्थचा आवाज विकत घेऊन आपल्या साध्या फियाटला लावायचे. आज तोच आवाज खुद्द अबार्थच्या गाडीला स्पीकरमधनं लावावा लागतोय.