न झाडलेली बंदूक

नागपुरातल्या धंतोलीसारख्या जुन्या वस्तीत एखाद्या घरी आजोबांची बारा बोअरची दुनळी कपाटात पडून असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर कडक निर्बंध आले आणि अशा कित्येक बंदुकांचं कामच संपलं. पण वर्षानुवर्षं गोळी झाडली नाही म्हणून बंदूक शोभेची वस्तू ठरत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातली सवलत कालबाह्य, पुराणवस्तू ठरलेल्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या हत्यारांना आहे. चालू बंदुकीला परवाना लागतोच. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशानं आलेलीही त्यातच मोजतात.

नाजूक वेळ येते परवानाधारक गेल्यावर. दुःखात बंदुकीकडे कुणाचं लक्ष नसतं. पण परवाना त्या व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, मग वारसानं पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा. २०१६च्या नियमांनुसार सत्तरी गाठल्यावर किंवा बंदूक २५ वर्षं बाळगल्यावर हयातीतच ती वारसाला देता येते. हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो: कागदपत्रं कुठे आहेत हे सांगणारं माणूस तेव्हा घरात असतं.