सहा महिन्यांची मुदत

गणपतीपुळ्याच्या एका चहावाल्यानं मला विचारलं, ‘‘चाचा, अमेरिकेत मंत्री सिनेटपुढं तपासून घेतात. आपल्याकडं का नाय?’’

आपल्याकडं मुख्यमंत्री नावं सुचवतात, राज्यपाल शपथ देतात. एकेका मंत्र्यावर मतदान नाही. सभागृह विश्वास दाखवतं तो अख्ख्या मंत्रिमंडळावर. माणूस लायक आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. मला ते खटकतं. अट एकच, कलम १६४(४)ची: सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहाचं सदस्य व्हा, नाहीतर पद गेलं.

उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली, दोनच दिवसांत १६९ मतांनी विश्वासही मिळवला. पण ते आमदार नव्हते आणि करोनानं निवडणुका थांबवल्या. मंत्रिमंडळानं राज्यपालनियुक्त जागेसाठी त्यांचं नाव दोनदा सुचवलं. नियुक्ती झालीच नाही. शेवटी निवडणूक आयोगानं विधान परिषदेची निवडणूक घेतली. १४ मे २०२० रोजी ते बिनविरोध निवडून आले, तेव्हा मुदतीचे जेमतेम दोन आठवडे उरले होते.