क्लचचं पेडल खाली बसलं, तर काय समजायचं?



आता काही गटांकडे आणि ग्रामसंघांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी बाजाराला माल नेतं, कुणी प्रवासी वाहतूक करतं. गाडी आपली ताई चालवो की पगारी ड्रायव्हर, खर्चाला मंजुरी मात्र आपल्याच बैठकीत द्यावी लागते. 'क्लच गेला' एवढंच सांगून बिल समोर आलं, की आपण गप्प बसतो. पण क्लच जातो तो दोन तऱ्हेने. एकात क्लचची प्लेट झिजलेली असते, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसऱ्यात प्लेट चांगली असते, फक्त ऑइल गळत असतं किंवा पाइपात हवा शिरलेली असते. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून हे समजून घेऊया.

क्लच करतो काय?

पिठाची गिरणी आठवा. पट्टा ताणलेला असला की मोटरबरोबर जातंही फिरतं. पट्टा सैल केला, तर मोटर फिरत राहते आणि जातं थांबतं. गाडीत हेच काम क्लच करतो. इंजिन सतत फिरत असतं. त्याच्या चाकाला क्लचची प्लेट घट्ट दाबलेली असते, म्हणून जोर गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जातो. पेडल दाबलं की प्लेट सुटते, आणि तेवढ्या वेळात आपण गिअर बदलतो.

पायाचा जोर प्लेटपर्यंत पोचतो कसा? काही गाड्यांत त्यासाठी वायर असते. बऱ्याच गाड्यांत मात्र हे काम ऑइल करतं, त्यालाच हायड्रॉलिक क्लच म्हणतात. सुई नसलेल्या दोन सिरिंज पाण्याने भरून सलाईनच्या नळीने जोडल्या, तर एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. गाडीतही तसंच आहे. पेडलजवळ असतो तो मास्टर सिलेंडर, गिअरबॉक्सजवळ असतो तो स्लेव्ह सिलेंडर, आणि मधे ऑइलने भरलेला पाइप.

आता सिरिंजमध्ये पाण्याऐवजी हवा भरा, तोंडावर बोट ठेवा आणि दाबा. दट्ट्या आत जातो, कारण हवा दबते. पाणी किंवा ऑइल तसं दबत नाही. म्हणून पाइपात हवा शिरली की पेडल मऊ लागतं, पाय खालपर्यंत जातो आणि गिअर पडताना कर्र आवाज येतो. यालाच गॅरेजवाले 'क्लचने हवा धरली' म्हणतात.

लक्षणावरून दोष ओळखा

पेडल खाली बसतं, दोन-तीनदा पटपट दाबलं की थोडा वेळ ठीक चालतं: दोष बहुधा ऑइलच्या बाजूला आहे. हवा शिरली असेल किंवा मास्टर सिलेंडरचा रबरी वायसर झिजला असेल. डबीतलं ऑइल कमी न होताही वायसर आतल्या आत दाब सोडू शकतो.

पेडलच्या वर, आतल्या बाजूला ओल दिसते किंवा पायपुसणं ऑइलने भिजतं: मास्टर सिलेंडर गळतोय.

गिअरबॉक्सच्या बाजूला ओल दिसते: स्लेव्ह सिलेंडर किंवा पाइपचा जोड तपासायला सांगा. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या घरातच बसवलेला असतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा प्लेटही बघून घ्या, म्हणजे तीच मजुरी दोनदा पडत नाही.

चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो: गिरणीचा सैल पट्टा घसरतो तसा क्लच सरकतोय. बहुतेक वेळा प्लेट झिजलेली असते किंवा तिच्यावर ऑइल आलेलं असतं. इथे नुसती हवा काढून काही होणार नाही.

ऑइल संपत नाही, ते गळतं

हे ऑइल इंजिनात जळत नाही, ते बंद पाइपातच राहतं. त्यामुळे क्लचची डबी वेगळी असेल आणि ऑइल खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहेच. वरून ऑइल ओतत राहणं ही दुरुस्ती नव्हे.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. ब्रेकचे पॅड झिजले तरी तिच्यातली पातळी हळूहळू उतरते. पण ती भरभर उतरली, तर प्रश्न ब्रेकचाही आहे. अशी गाडी माणसं किंवा माल भरून घाटात नेऊ नका, आधी तपासून घ्या.

ऑइल कोणतं?

यात ब्रेक ऑइलच लागतं. डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात 'डॉट 3' किंवा 'डॉट 4' लिहिलेलं असतं, तेच घाला. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका. त्याने रबरी वायसर फुगतात आणि ब्रेकसुद्धा निकामी होऊ शकतो.

हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून फोडलेली बाटली वर्षानुवर्षं ठेवू नये. ताजं ऑइल स्वच्छ, फिकट पिवळं असतं. ते काळपट झालं की बदलायची वेळ आली. साधारण दोन वर्षांनी किंवा पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलावं. ते रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि मुलांपासून लांब ठेवा.

हवा कशी काढतात?

या कामाला दोन माणसं लागतात. एकजण पेडल दाबून धरतो. दुसरा स्लेव्हचं निपल जरा सैल करतो, तिथे लावलेल्या पारदर्शक नळीतून ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत येतात. निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचं आणि मधेमधे डबी भरत राहायची. निघालेलं जुनं ऑइल पुन्हा वापरायचं नाही. गॅरेजमध्ये उभं राहून हे बघा, विचारायला लाजू नका.

चालवणाऱ्या ताईंसाठी

गिअर बदलून झाला की पाय पेडलवरून काढा. चढाला गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा, क्लच दाबून सोडू नका. रस्त्यात पेडल अचानक बसलं, तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी न्यूट्रल करा, ब्रेकने हळूहळू कडेला घ्या आणि हँडब्रेक लावा. पुढचा प्रवास रद्द.

बैठकीत काय करायचं?

गटाची वही असते तशी गाडीचीही वही ठेवा. महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करा, डबीवरची धूळ पुसा आणि ऑइल मिन व मॅक्सच्या खुणांमध्ये आहे का ते लिहा. क्लचचं बिल आलं, तर मंजुरीआधी तीन प्रश्न विचारा: लक्षण काय होतं? गळती कुठे होती? काढलेला जुना भाग कुठे आहे? तो भाग बैठकीत आणायला सांगा. झिजलेली प्लेट आणि फाटलेला वायसर आपल्यालाही डोळ्यांनी ओळखता येतो.